पदराखालचा हात

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण हे माझ्याच बाबतीत घडलं आहे, आणि भर दुपारी घडलं आहे.

१९८४चा मार्गशीर्ष. भिसेगावातला चार खाटांचा दवाखाना. मी तिथे नर्स होते. मुंबईत कॅन्सरचे उपचार सुरू झालेले काही रुग्ण पुढची सलाईनं आमच्याकडे घेत.

त्यात एक लाल औषध होतं. शिरेत गेलं तर उपचार. शिरेबाहेर झिरपलं तर मांस जाळायचं.

आदल्या वर्षी भिवपुरीकडची गौराबाई आली होती. मनगट भरून हिरव्या बांगड्या. समोर बाकावर थोरले दीर बसलेले, म्हणून सुई लावलेला हात तिने पदराखाली घेतला. मी घेऊ दिला.

थोड्या वेळाने ती कुजबुजली, "बाई, जळतंय."

मी म्हटलं, "औषधच तसलं आहे. सोसा जरा."

ती गप्प झाली. पदराखाली बांगड्या किणकिणत राहिल्या...

मग थांबल्या.

बाटली संपल्यावर मी पदर बाजूला केला. हात टम्म फुगला होता. सुजेला शेक, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. मीच मिठाची पुरचुंडी गरम करून दिली. संध्याकाळी डॉक्टर आले, म्हणाले, शेक नाही, बर्फ हवा होता.

हात काळा पडला. पुढची औषधं थांबली. पेरणीच्या आत ती गेली.

मला कोणी काही बोललं नाही.

तर त्या दुपारी अनसूयाबाई होत्या, तेच लाल औषध. शाळेत शिकवायच्या. हातातल्या बांगड्या मी आधीच काढून ठेवायला लावल्या होत्या. उलटीवरच्या इंजेक्शनने त्यांना झोप लागली. थंडी वाजेल म्हणून त्यांच्या बहिणीने जाता जाता चादर हातावर ओढली. मी पाठमोरी बसून कागद लिहीत होते. मला दिसलं नाही.

मागे बांगड्या वाजल्या...

मी वळले. खोलीत आम्ही दोघीच.

पुन्हा वाजल्या. चादरीखाली.

मग थांबल्या.

ते थांबणं मी ओळखलं. उठून चादर फेकली.

सुईशेजारी बोराएवढी सूज.

सलाईन बंद केलं. सुई तशीच ठेवली, सिरिंज लावून येईल तेवढं औषध मागे ओढलं. हात उशीवर उंच ठेवला. सोड्याच्या दुकानातून बर्फ मागवला.

हात वाचला. मसुरीएवढा डाग राहिला.

दिवेलागणीला अनसूयाबाई जाग्या झाल्या.

"त्या बाई गेल्या का?"

"कोण?"

"शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, जळतंय हो. तर म्हणाल्या, तुमी गप ऱ्हावा. बाईला सांगून कळत नाय. मी वाजवते."

मी उठले. बर्फाचं पाणी ओतून आले.

गेल्या वर्षी मला सलाईन लावलं होतं. नर्स कोवळी पोरगी, मोबाईल बघत बसलेली. हात ठणकू लागला, फुगू लागला. साधंच पाणी होतं, त्याने काही जळत नाही.

मी तिला सांगितलं नाही.

हात चादरीखाली घेतला. आणि ऐकत पडून राहिले...

बाटली संपली.

काहीच वाजलं नाही.