शिंपले ओल्या कचऱ्यात चालत नाहीत

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, येओसूच्या बंदरामागच्या चढावर माझी तीन मजली इमारत आहे. वर मी राहतो, खालच्या चार खोल्या भाड्याने दिल्या आहेत. भाडेकरूंचं सगळं माझी बायको जोम-रे बघायची. नळ कुठे गळतो, कोणाच्या पिशवीत काय आहे, सगळं तिला ठाऊक. ती जानेवारीत गेली. त्यानंतर मी कचऱ्याच्या डब्यांकडे फिरकलोच नाही.

आमच्याकडचा ओला कचरा जनावरांच्या खाद्याला जातो. त्यात हाडं, कांद्याची सालं, शिंपले चालत नाहीत. हे इथे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच चुकतात. एप्रिलपासून डब्यात रोज शिंपले निघायला लागले. पालिकेच्या माणसाने डबा उचलला नाही, वर लाल कागद चिकटवून गेला. मग मी डब्यांसमोर कॅमेरा लावला.

पहिल्याच सकाळी चोर सापडला. २०२मधला कुक ह्योंग-जे. चाळिशीचा, एकटा, विम्याच्या कचेरीत कामाला. मार्चमध्ये राहायला आला तेव्हापासून त्याला जिना घसरडा वाटत होता, गरम पाणी कोमट वाटत होतं आणि समोरचं मांजर त्याच्याकडे बघत होतं. मी कॅमेऱ्यातलं चित्र छापून घेतलं, चेहऱ्यावर चिकटपट्टी लावली आणि भिंतीवर डकवलं.

आठवड्याने तो वर आला.

"चेहरा झाकलात काका, पण हिरव्या चपला या गल्लीत आणखी कोणाकडे आहेत?"

"मग शिंपले टाकू नकोस."

"आता कुठे टाकतो? त्या काकू रोज पिशवी उघडायला लावतात. एकेक शिंपला वेचून घेतात माझ्याकडून. तुम्ही काय ते एक ठरवा. कॅमेरा तरी ठेवा, नाहीतर काकू तरी. दोन्ही कशाला?"

"कोण काकू?"

"तुमच्याच असणार. जांभळं जाकीट, हातात चिमटा. म्हणतात, 'हे डुक्कर खाईल का?' मी म्हटलं, मला काय विचारता, डुकराला विचारा. तर म्हणाल्या, 'तेच करतेय.'"

मला हसू येणार होतं, ते अर्ध्यावरच राहिलं. एक्केचाळीस वर्षं मी जोम-रेच्या तोंडून हेच वाक्य ऐकलं होतं. आणि ती गेल्यावर तिच्या कपड्यांबरोबर ते जाकीट मी स्वतः जाळलं होतं.

तो गेल्यावर मी आठवड्याचं सगळं चित्रण बघितलं. रोज सकाळी सात-सव्वासातला कुक डब्यापाशी येतो, कमरेवर हात ठेवून भांडतो, मग उकिडवा बसून शिंपले काढतो आणि एकेक उंच धरून दाखवतो. समोर कोणी नाही. एकदा तर तो रुसून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. २०१मधली नर्सबाई कांद्याच्या सालीपायी पाच मिनिटं मान खाली घालून उभी होती. तीही एकटीच. आवाज काही नाही. अशा कॅमेऱ्यात आवाज नोंदवायला कायद्याने बंदी आहे.

तिने साऱ्या इमारतीला रागवावं आणि मला एक शब्द बोलू नये, हे मला फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम चुकायला लागलो. सातच्या सुमाराला खाली जाऊन ओल्या डब्यात कोंबडीची हाडं टाकली. थांबलो. काही नाही. मग अक्रोडाची टरफलं. मग चहाचा चोथा, तोही कागदासकट. एकदा जुना मोजा टाकला. जिवंतपणी हिने त्या मोज्यावरून मला गावभर केलं असतं. मांजर तेवढं बघत होतं.

नवव्या दिवशी खेकड्याचं अख्खं कवच टाकलं. मिनिटभर थांबलो आणि वर आलो. सूप गॅसच्या शेगडीवर ठेवून गेलो होतो. भांडं करपून काळं झालं होतं. शेगडी बिघडली असेल म्हणून मी तिला चार शिव्या घातल्या.

दुपारी चित्रण बघितलं.

सात वाजून बारा मिनिटांनी मी कवच टाकतो. सात त्रेपन्नला मी तिथून निघतो. मधला सगळा वेळ मी मान खाली घालून उभा आहे आणि माझे ओठ हलतायत. एकदा मी हसतो. मग काही तरी विचारतो. मग हळूहळू मान हलवतो. होकारार्थी.

मला यातलं काहीही आठवत नाही.

सात सोळाला कुक पिशवी घेऊन येतो, माझ्यामागे उभा राहतो आणि आपला नंबर येण्याची वाट बघत घड्याळ बघतो.

संध्याकाळी मी त्याचं दार वाजवलं. "आज सकाळी काय बोलणं झालं आमचं?"

"मला काय विचारता? तुम्हीच तर बोलत होतात."

"सांग ना."

"आधी कॅमेरा काढा."

मी तसाच खाली गेलो, स्टुलावर चढलो, तारा उपटल्या आणि कॅमेरा आणून त्याच्या हातात दिला.

"मी काही ऐकत नव्हतो, रांगेत होतो," तो म्हणाला. "खेकड्यावरून त्यांनी तुम्हाला खूप बोलून घेतलं. सुपाचं भांडं आठवतंय का, असंही विचारलं. तुम्ही हसलात. मग तुम्ही विचारलं, कधी?"

"मग?"

"म्हणाल्या, हिवाळ्यासाठी कोबीची किमची मुरत घालून घे. मडकी जमिनीत पुरून झाली की निघू."

"मी काय म्हणालो?"

"बरं म्हणालात."

जिन्यात कोणाच्या तरी भाताचा वास येत होता. हा माणूस पहिल्यांदाच कशाची तक्रार करत नव्हता. मला तेच सहन होईना.

"काका," तो अगदी हळू म्हणाला, "माझा करार मार्चपर्यंत आहे. पुढचा कोणाशी करायचा, तेवढं सांगून ठेवाल?"

त्याने कॅमेरा दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि कमरेतून वाकून मला नमस्कार केला. मग किंचित वळून, माझ्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेत, खांद्याच्या जरा खाली बघत, त्याने पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला.