विचारल्याशिवाय आत येऊ नये

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत इम्तियाज बागवानच्या शेडवर पाटी नव्हती. पाण्याखाली कॅमेरा नेणारी माणसं विचारत विचारत बरोबर तिथे पोचायची, आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता.

तो मुळात फोटोवाला. पोरं तलावात सूर मारायची, तेव्हा हा तळाशी बसून खालून त्यांचे फोटो काढायचा. एकदा कॅमेऱ्यासाठी परदेशातून मागवलेल्या जलरोधक डब्यात पाणी शिरलं आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांदेखत मेला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. इम्तियाजने मग ताकच घरी घुसळायला घेतलं. लेथ आणलं, अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे कोरले, काचा घासल्या, रबरी कड्या बसवल्या. धंद्यात या डब्याला हाउसिंग म्हणतात. तो सरळ घर म्हणायचा.

वल्लरी आपटेसाठी केलेलं घर पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या बटणापर्यंत त्याचं स्वतःचं होतं. ती आज संध्याकाळीच मालवणला निघणार होती, समुद्रातली प्रवाळं टिपायला. घर गळलं असतं तर तिचा कॅमेरा गेला असता आणि इम्तियाजचं नाव. खरं सांगायचं तर त्याला नावाचीच काळजी जास्त होती.

झाकणावर त्याने मोठ्या झोकात कोरलं होतं : ‘विचारल्याशिवाय आत येऊ नये.’ सूचना अर्थातच पाण्याला.

“आपण शनिवार पेठेत जन्मलात हे आता पाण्यालाही कळवायचं का?” रुकसाना, त्याची बायको, म्हणाली होती. तो दिवसभर आठवून आठवून हसत होता.

दुपारी पोपटने टँकर आणला आणि शेडमधली उभी टाकी काठोकाठ भरून दिली. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो हे पुण्यात कोणी विचारत नाही. पाणी आलं, यातच सगळे खूश असतात. आजचं पाणी मात्र भर दुपारी हाताला झोंबेल इतकं गार होतं. पोपट पाइप गुंडाळून निघून गेला.

चाचणीची रीत साधी होती. रिकाम्या घरात कोरडा कागद ठेवायचा, पंपाने आतली हवा ओढून घ्यायची आणि घर पाण्यात सोडायचं. दाबमापकाचा काटा हलला किंवा कागद भिजला, की घर गळकं.

काटा हलला नाही. इम्तियाजची मान ताठ झाली.

तेवढ्यात टकटक झाली. हलकी, अदबीची, दोनदा.

पोपट काहीतरी विसरला असणार. “या की, आत या,” काट्यावरची नजर न काढता इम्तियाज म्हणाला.

मग त्याच्या लक्षात आलं. शेडचं शटर सताड उघडं होतं. दारात नुसतं ऊन होतं.

त्याने घर वर काढलं. कागद कोरडा, काटा जागच्या जागी. फक्त काचेवर वाटीएवढी वाफ धरली होती. त्याने बोटाने पुसायला घेतली, पुसेना. ती आतल्या बाजूला होती.

वाफ विरली. पुन्हा धरली. पुन्हा विरली.

आतली हवा तर त्याने स्वतः ओढून घेतली होती.

झाकण उघडून पाहिलं तर आत काहीच नव्हतं. शेवाळाचा वास आला आणि गेला. त्याने काच फडक्याने लखलखीत पुसून ठेवली, तोवर वल्लरीची गाडी दारात आलीच.

तिने आपला कॅमेरा आत बसवला, झाकण लावलं, पंप मारला, घर टाकीत बुडवून बाहेर काढलं.

“एक थेंब नाही! सर, तुम्ही खरंच ग्रेट आहात.”

हे नेऊ नकोस, असं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण कारण काय देणार? पाणी शिरत नाही, हेच तर तो आयुष्यभर सिद्ध करायला निघाला होता. “हातच्या कांकणाला आरसा कशाला,” तो म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजातला रुबाब त्याला त्याही वेळी आवडला.

“मग पहिला फोटो हे घर बनवणाऱ्याचाच!” तिने घर टेबलावर ठेवलं, त्याला समोर उभं केलं आणि स्वतः मागे स्क्रीनकडे गेली. “स्माइल मोड लावलाय. समोरचा चेहरा हसला की फोटो आपोआप निघतो. हसा बघू.”

इम्तियाजने कॉलर नीट केली. काचेकडे पाहिलं.

काचेवर वाटीएवढी वाफ होती.

त्याचे ओठ मिटलेलेच राहिले.

खट्.

“आला!” वल्लरी स्क्रीनवर वाकली. “पण तुम्ही धूसर आलात, सर. फोकस काचेपाशीच अडकलाय. परत एकदा, मोठ्ठं हसा!”

“वल्लरी, बंद कर ते.”

खट्. खट्. खट्.

इम्तियाज एकदाही हसला नव्हता.