चुन्याचे कण टांगणारा कोळी

"आत्या, ज्याला नाव देतेस त्याला तू आधी मारतेस, हे खरं का?"

प्रश्न खरं तर भिंगरीचा नव्हता. तिची मैत्रीण लंबू आणि मित्र पोपट यांनी पैज लावून तो तिच्या गळ्यात मारला होता. नाही विचारला, तर सुट्टीभर दोघांच्या सायकली पुसायच्या. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, ती भिंगरी आता कुणालाही काहीही विचारते, हे शाळाभर माहीत झालं होतं. तरी आत्या ती आत्याच. शिवाय संग्रहालयाच्या कोळी विभागाची प्रमुख, आणि त्या विभागातली एकुलती एक कर्मचारीही तीच.

आत्याने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. "खरं आहे," ती म्हणाली. "त्याच्या बारीक अवयवांची चित्रं काढायची तर तो हलून चालत नाही. आणि पुढे कुणाला शंका आली, तर तोच नमुना काढून बघता यायला हवा. म्हणून एक नर आणि एक मादी स्पिरिटमध्ये ठेवायची. जास्त नाही."

"वाईट वाटतं?" हे मात्र भिंगरीने स्वतःचं विचारलं.

"दर वेळी," आत्या म्हणाली आणि टेबलावर पेन्सिल शोधू लागली. पेन्सिल तिच्या केसांत खोचलेली होती, पण ते सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

आत्याच्या काचेखाली होती ती मादी या तिघांनीच शोधली होती. लंबूची आई तरणतलावावर पोहायला शिकवायची. तलाव दुरुस्तीसाठी बंद होता आणि आवार यांना आंदण मिळालं होतं. पोपटचा चेंडू पंपघरात गेला, तो काढायला तिघं आत वाकली, आणि पंपाच्या गळतीने दमट झालेल्या भिंतीवर त्यांना मोहरीएवढे कोळी दिसले. प्रत्येकाने आपल्या जाळ्याच्या खालच्या धाग्यांना भिंतीच्या चुन्याचे कण टांगले होते, ताणून बसावं म्हणून पडद्याला वजन लावतात तसे. असं करणारा कोळी आत्याने कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता.

पण नुसत्या मादीवरून नवी जात ठरेना. तिची एक नातलग जात होती, आणि दोन्ही जातींच्या माद्या जुळ्या बहिणींसारख्या. नर हवा होता, तोही पूर्ण वाढलेला. नराच्या तोंडाजवळ आखूड पायांसारखे दोन अवयव असतात. त्यांची टोकं प्रत्येक जातीत वेगळी असतात, कुलपाकुलपाची किल्ली वेगळी असते तशी.

हे ऐकल्यावर थांबेल ती भिंगरी कसली! दुसऱ्याच दिवशी तिने एक नर गाठला. टोकं टम्म फुगलेली, बॉक्सिंगचे मोजे घातल्यासारखी. नर म्हणजे नर, म्हणून आत्याला न विचारता तिने त्याला सरळ स्पिरिटच्या कुपीत टाकलं आणि सायकल पळवत संग्रहालय गाठलं.

आत्याने तो काचेखाली ठेवून तपासला. मग हळू आवाजात तिने समजावलं. हा नरच होता, पण त्याची शेवटची कात टाकायची राहिली होती. त्यानंतर ते मोजे गळून आतून किल्ली निघाली असती. आता आत काहीच तयार नव्हतं. या कुपीचा कुणालाही उपयोग नव्हता.

आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. भिंगरीने ती कुपी दिवसभर खिशात बाळगली. पोपटने दोन विनोद करून पाहिले, तिला हसू आलं नाही.

आणि अशात एके सकाळी पंपघरापाशी काहीतरी विचित्र दिसलं. पंपघरातले पाने, पक्कड, बादल्या सगळं व्हरांड्यात आणून ठेवलेलं, आणि खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावलेली. लंबू म्हणाली, रंग देणार असतील. पोपटला आत भूत कोंडायचा बेत वाटला.

"रंग देताना खिडक्या उघडतात," भिंगरी म्हणाली. "बंद कशासाठी करतात?"

तिघांच्या एकदम लक्षात आलं: औषध फवारायला. मग तिघंही तलावाच्या व्यवस्थापकांच्या खोलीकडे पळाली. या व्यवस्थापकांनीच आत्याला शब्द दिला होता की, ताई, तुम्ही सांगेपर्यंत तिथे औषध फवारणार नाही. पण दुरुस्त झालेल्या तलावाचं उद्घाटन आठवड्याने अलीकडे आलं होतं आणि तो शब्द ते साफ विसरले होते. आठवण करून दिल्यावर ते हसले. "अगं, कोळीच आहेत ना? पुन्हा होतील."

आत्याचा फोन बंद, ती कसल्याशा बैठकीत. फवारणीवाला दुपारी औषधाचा ड्रम घेऊन हजर. लंबूने ड्रमवरची सूचना मोठ्याने वाचली: फवारणीच्या जागी लहान मुलांना येऊ देऊ नये.

"आपण लहान मुलं आहोत का?" तिने विचारलं. एरवी कुणी लहान म्हटलं की ती भांडायला उठायची.

"आज आहोत," भिंगरी म्हणाली, आणि तिघं आत जाऊन बसली.

व्यवस्थापक ओरडले, मग गोडीगुलाबीवर आले, मग आइस्क्रीम देतो म्हणाले. पोपटने कुठलं ते नीट विचारून घेतलं आणि जागचा हलला नाही. दार लावता येऊ नये म्हणून लंबू उंबऱ्यावर आडवी झाली. फवारणीवाला ड्रमवर बसून म्हणाला की, मुलं आत असताना मी झाकण उघडणार नाही, नोकरी जाईल माझी. व्यवस्थापक लंबूच्या आईला आणायला धावले.

तेवढ्यात भिंगरी भिंगातून भिंतीची वीत न् वीत बघत होती. कोपऱ्यातल्या एका जाळ्याच्या कडेला तो उभा होता. टोकं काळी, पिळदार. तो पुढच्या पायाने धागा हळूच छेडायचा, थांबायचा, पुन्हा छेडायचा. आतून मादीने धागा किंचित ओढला.

"घे ना," पोपट कुजबुजला. "लंबूची आई येईल."

"थांब."

"आत्ता थांब? तेव्हा थांबली नाहीस ती?"

"म्हणूनच," भिंगरी म्हणाली.

नर आत गेला. बाहेर पावलं वाजली, लंबूची आई लेकीला उठवायला लागली, लंबू उठेना. नर जाळ्याबाहेर आला तेव्हा भिंगरीने त्याला एका कुपीत घेतलं आणि मादीला दुसरीत. तिसरी कुपी नव्हती. भिंतीवर अजून किती जाळी होती, त्यांचे कण दारातून आलेल्या वाऱ्याने हलत होते.

कान धरून तिघांना बाहेर काढलं. दार लागलं. औषधाचा वास पार फाटकापर्यंत येत होता.

संध्याकाळी आत्याने काचेखाली पाहिलं आणि खुर्चीवरून उठलीच. किल्ली वेगळी होती. जात नवी होती. तिने भिंगरीला घट्ट जवळ घेतलं, आणि मग नरासाठी स्पिरिटची कुपी पुढे आली; स्पिरिटमधली मादी आधीचीच होती. भिंगरीने झाकण स्वतः उघडलं. ते काम आत्यावर ढकलून खिडकीबाहेर बघत बसणं तिला पळपुटेपणा वाटला. पोपट मात्र खिडकीबाहेर बघत राहिला.

उद्घाटनाला संग्रहालयाच्या संचालकांनी तिघांची पाठ थोपटली. व्यवस्थापक माइकवर म्हणाले की हा शोध आपल्या तलावाचा आहे. टाळ्या पडल्या. त्यांच्या मागे पंपघराची भिंत पांढरीशुभ्र, कोरी होती. भिंगरीने भिंग आणलं होतं. तिने ते खिशातून काढलंच नाही.

घरी जेवताना बाबा नुसते फुलले होते. कोळ्याला लेकीचं नाव द्यायचं आत्याच्या मनात होतं, आणि ही बातमी त्यांनी अख्ख्या ऑफिसला सांगून टाकली होती. आई म्हणाली, आता तरी या घरात जाळ्यांवरून मला कुणी बोलू नये.

भिंगरीने ताट बाजूला सारलं.

"बाबा, ऑफिसात परत सांगावं लागेल तुम्हाला. माझं नाव नको, असं मी आत्याला सांगून आले आहे. पंपघरावरून नाव ठेव म्हटलं. आणि दुसऱ्या कुपीतली जिवंत मादी काचेच्या डब्यात माझ्या खोलीत राहणार. तिने अंडी घातली, तर पिल्लांसाठी दमट भिंत मी शोधणार आहे. चुन्याची. आई, तिथे झाडू घेऊन कुणी यायचं नाही."