मृदामुद्रा

त्या जिल्ह्यात शेतकरी कोण, हे आता सातबारा ठरवत नव्हता. तळहात ठरवत होता.

वर्षातून दोनदा, अनुदान जमा होण्याआधी, प्रत्येकाने कृषी केंद्रातल्या काचेवर हात टेकवायचा. चिमूटभर मातीत कोट्यवधी जंतू असतात आणि प्रत्येक शेतातलं त्यांचं मिश्रण निराळं असतं. रोज राबणाऱ्याच्या कातडीवर, नखांच्या कडांना तेच मिश्रण घर करून राहतं. या खुणेला डॉ. विश्वंभर होनरावांनी नाव दिलं होतं मृदामुद्रा. शहरात बसून शेतकरी म्हणवणारे हजारो लोक पहिल्याच वर्षी यादीतून गळाले. मुद्रा लागोपाठ तीनदा जुळली नाही, की शेत ओसाड ठरून कंत्राटदाराकडे जायचं. ‘कोणताही कागद ग्राह्य धरू नये’ हे नियमातलं वाक्यही होनरावांचंच.

सोजरबाई गायके त्यांच्या प्रयोगशाळेपर्यंत आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या. तोंडाला फडकं बांधलेलं.

“आत या ना, बाई.”

“नको साहेब, टीबी हाय मला. हितूनच बोलते. दोनदा यंत्रानं नाही म्हणलं. आता दीड महिन्यानं तिसरी खेप. धनी गेल्यापासून बारा वर्सं मीच कसतेय. हे हात बघा.”

हातांना घट्टे होते, भेगांत काळी माती होती. होनरावांनी यंत्र उंबऱ्यापाशी आणून स्वतः तपासणी केली. पडद्यावर मुद्रा जवळजवळ कोरी उमटली. ते चक्रावले. मग त्यांनी विचारलं, “गोळ्या कोणत्या घेता?”

सोजरबाईंनी पिशवीतून पाकिटं काढून दाखवली. होनरावांना उलगडा झाला.

“क्षयाचे जंतू आणि मातीतले पुष्कळ जंतू एकाच भावकीतले, बाई. गोळीतलं औषध घामावाटे कातडीवर येतं आणि त्यांनाही मारतं. यंत्र चुकत नाहीये.”

“मग मी चुकतेय व्हय?”

होनरावांनी पाकिटं पुन्हा पाहिली: साध्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची. उपचाराचे अजून चौदा महिने बाकी होते. अशा रुग्णांसाठी डॉक्टरी दाखला ग्राह्य धरावा म्हणून त्यांनी तिथूनच कृषी सचिवांना फोन लावला.

“नियम तुमचाच आहे, डॉक्टर,” सचिव म्हणाले. “एक दाखला चालवला की उद्या हजारो येतील.”

ते खोटं नव्हतं. फोन ठेवून होनरावांनी विचारलं, “घरात दुसरं कुणी?”

“लेक हाय. पण तिच्या हाताला तिच्या सासरची माती.” सोजरबाईंनी पाकिटं परत पिशवीत ठेवली. “गोळ्या थांबवल्या, तर किती दिसांनी बसंल माती परत?”

“तीन-चार आठवडे,” होनराव सवयीने बोलून गेले, आणि पुढच्याच क्षणी खुर्चीवरून उठले. “नाही बाई! असं काही करू नका. आजार उलटला तर मग कुठलंच औषध लागू पडणार नाही.”

“ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय,” त्या शांतपणे म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

होनरावांनी नियमात दुरुस्ती सुचवणारी तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. दर आठवड्याला ते आरोग्य केंद्रात चौकशी करत. “गोळ्या नेतात त्या, न चुकता,” असं कळायचं, आणि त्यांना हायसं वाटायचं.

तपासणीच्या दिवशी ते सकाळपासून पडद्यासमोर बसून होते. दुपारी नाव झळकलं: गायके सोजरबाई. जुळणी शहाण्णव टक्के. अनुदान मंजूर.

गोळ्या त्या नेत होत्या. गिळत नव्हत्या.

गेल्या खेपेपर्यंत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा जुळलेल्या सगळ्यांची यादी होनरावांनी मागवली. एकशे बारा नावं. गेल्या अहवालात त्यांनी याच लोकांविषयी अभिमानाने लिहिलं होतं, ‘हे पुन्हा मातीकडे वळले.’

त्यांनी पहिल्या नावाचा नंबर फिरवला. एका बाईने उचलला.

“ते व्हय? दिवाळीतच गेले, साहेब,” ती म्हणाली. मग घाईघाईने, कुणी हिरावून घेईल अशा आवाजात तिने विचारलं, “पण शेत ऱ्हाईलंय न्हवं आमच्याकडं?”