दोन सीटांमधला दांडा

जरा जवळ सरका, पोरांनो. ही ऐकीव गोष्ट नाही. डेल्बर्ट स्टिडम माझा शेजारी, आणि दुसऱ्या दिवशी त्याची गाडी माझ्याच गॅरेजात आली.

चौदा नोव्हेंबर २०१९, गुरुवार. संध्याकाळचे पावणेआठ, पण डोंगरात मिट्ट काळोख. चर्चमधला गाण्याचा सराव संपवून डेल्बर्ट नातीला घरी घेऊन निघाला होता. जोसी, सात वर्षांची. तिची आई कोरा, म्हणजे डेल्बर्टची लेक, दोन वर्षांपूर्वी वारली. म्हाताऱ्याला ही एवढीच उरलेली. ट्रकची बॅटरी बसली होती, म्हणून त्यानं आपली जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार, कॉर्व्हेट काढली. सन एकोणीसशे चौसष्टची.

त्या गाडीवरून मी त्याला फार छळायचो. "अरे, पासष्टला चारी चाकांना डिस्क ब्रेक आले. सदुसष्टला ब्रेकच्या तेलाचे दोन मार्ग झाले, एक फुटला तरी दुसरा आहे. तुझी एक नळी गेली की मार देवाला हाक!"

"चौसष्टची आहे, चौसष्टचीच राहील," तो म्हणायचा. "तू आपली कवळी सांभाळ!"

कोरा तर भांडायची. "निदान हँडब्रेक तरी सदुसष्टसारखा दोन सीटांच्या मध्ये घ्या, बाबा. हा डॅशबोर्डखाली कुठं चाचपडायचा?"

तो हसून सोडून द्यायचा.

त्या रात्री जोसी दाराला गाल टेकून झोपली होती. घाटाचा उतार लागला. खाली रेल्वेचं फाटक. डेल्बर्टनं ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थेट तळाला गेला.

पुन्हा दाबला. काहीच नाही.

खालचा गिअर टाकायला गेला. आतले दात करकरले, गिअर पडेना. गाडी सुटली. त्यानं डॅशबोर्डखालचा हँडब्रेक ओढला. तार तुटून मूठ हातात आली.

खाली फाटकाचे लाल दिवे लुकलुकायला लागले. कोळशाची मालगाडी. भोंगा.

"देवा, मला ने... पोरीला नको... पोरीला नको रे..."

तेवढ्यात हेडलाइट विझले. आपोआप.

अंधार. नुसता भोंगा.

आणि कानाशी...

"बाबा, मधला ओढा."

त्यानं हात घातला. दोन सीटांच्या मध्ये. तिथं दांडा होता. बर्फासारखा गार. त्यानं जीव खाऊन ओढला.

गाडी थांबली.

नाकासमोरून डबे धडधडत गेले. एक... एक... एक... किती वेळ, त्याला ठाऊक नाही. मग शांतता.

जोसी डोळे चोळत उठली. "आजोबा, घर आलं?"

"आत्ता तू... काही बोललीस?"

"मी? मी तर झोपले होते."

...

सकाळी मी गाडी खोलली. ब्रेकची पुढची नळी फाटलेली. तेलाचा थेंब नाही. सीटांच्या मध्ये जुना गालिचा, पंचावन्न वर्षांचा, जसाच्या तसा. भोक नाही, खूण नाही. दांडा बसवायला जागाच नाही.

"डेल्बर्ट, मग तू ओढलंस तरी काय?" मी विचारलं.

त्यानं उजवा हात माझ्यापुढं उघडला.

तळव्यावर आडवा पांढरा पट्टा होता, हिमानं भाजल्यासारखा. आणि त्याच्या बोटांवर, बाहेरच्या बाजूनं, आणखी चार बारीक पट्टे. कुणीतरी त्याच्या मुठीवर आपली मूठ आवळावी... तसे.