काकूंच्या केसांचा नमुना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हे ऑफिसातही बोलत नाही.

तेव्हा मी आरोग्य खात्याच्या पाहणीवर होते. शहरातून जो कालवा वाहतो, त्यात वरच्या अंगाला कारखान्यांचं पाणी सोडतात. तिथले मासे धरून खाणाऱ्यांची घरं शोधायची, चार प्रश्न विचारायचे आणि केसांचा नमुना घ्यायचा, एवढंच काम. माशातून पोटात गेलेला पारा केसांत उतरतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे कुठल्या महिन्यात अंगात किती गेलं, ते लॅबमध्ये मोजता येतं.

फिटरकाकांकडे मी दुपारी तीनला गेले. निवृत्त माणूस, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीखाली कालवा. त्यांनी स्वतः चहा केला. माझ्यासमोर ठेवेपर्यंत अर्धा बशीत सांडला.

"मासे रोज खाता?"

"रोज. ताजा मासा दारातच मिळतो. चांगला कडक तळतो मी."

"तळून पारा जात नाही, काका. उकळूनही नाही."

"चाळीस वर्षं खातोय. व्हायचं ते आधीच झालं नसतं का?" हे बोलताना ते शर्टाचं बटण लावत होते. तिसऱ्यांदा हुकलं, तेव्हा तसंच सोडून दिलं. ओठ बधिर होतात का विचारलं, तर म्हणाले, "होतात. वय झालं आता."

त्यांचे केस घेतले. "घरात आणखी कोण?"

"ही आहे की आत."

आतल्या खोलीत काकू खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसल्या होत्या.

"बाजूने जाऊ नका," काका हळूच म्हणाले. "हिला समोरचं तेवढंच दिसतं. बाजूने कुणी आलं की दचकते."

ही पाऱ्याचीच खूण. मी मागे उभी राहिले. "काकू, मानेजवळची एक बट कापते. दुखणार नाही."

त्यांनी मान वाकवली. केस ओले होते, नुसते निथळत होते. मानेला बोट लागलं तर गार. चिखलाचा वास येत होता. नुकत्याच न्हाल्या असतील, आणि या घरांना पाणीही असलंच येत असेल, असं मी मनाशी म्हटलं. बट दोऱ्याने बांधली, अगदी कातडीलगत कापली, पाकिटात घालून मुळाकडच्या टोकावर खूण केली.

"काकू, तुम्हीही रोज खाता का?"

त्या खिडकीखालच्या पाण्याकडेच बघत राहिल्या.

"ती बोलत नाही आता," काका म्हणाले. "जेवते मात्र पोटभर."

तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंचाही नमुना घ्यायचा होता. त्यांनी सहज विचारलं, वर कुणाकुणाचे केस घेतले. मी म्हटलं, दोघांचे.

त्यांनी मशीन थांबवलं. "दोघांचे...?"

"काकांचे आणि काकूंचे."

"काकू गेल्या वर्षीच गेल्या, ताई. चालताना तोल जायचा त्यांचा. कालव्याच्या पायऱ्यांवरून घसरल्या. अकरा महिने झाले."

मी पुन्हा वर गेले नाही. एखादी बहीण असेल, असं स्वतःला समजावलं आणि दोन्ही पाकिटं लॅबला पाठवली. तीन आठवड्यांनी लॅबच्या साहेबांचा फोन आला.

"तुमच्या फिटरचा पारा धोक्याच्या तिप्पट आहे. पण त्या बाईंचं काय? टोकाकडून मुळाकडे आकडा हळूहळू चढतोय. मुळाकडचे शेवटचे अकरा सेंटिमीटर राहिले की एकदम उडी. एवढा पारा मी माणसाच्या केसांत पाहिलेला नाही. कातडीलगतचा, म्हणजे या महिन्यातला, सगळ्यात जास्त. त्यांना लगेच दवाखान्यात न्या."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

काकांना मात्र मी निक्षून सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठीही दिली. त्यांनी ऐकलं. गळ आणि दोरी शिंपीणबाईंच्या हवाली केली आणि मासे बंद केले म्हणाले. तीन महिन्यांनी पुन्हा केस घेतले, तर आकडा दुप्पट झालेला. मी तडक त्यांच्या घरी गेले. काका पलंगावर पडून होते. एकटेच. आतली खोली रिकामी होती.

"काका, कालव्यावर जाता अजून?"

"नाही हो. दोन महिने जिना उतरलो नाही. पाय धरत नाहीत."

खरं होतं ते. शिंपीणबाईंनीही मला तेच सांगितलं होतं.

"मग मासे येतात कुठून?"

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी नको म्हणतो... पण ही आणते. मला उतरवत नाही ना आता. एवढं हाताने भरवते, तिला नाही कसं म्हणू?"

स्वयंपाकघरात घमेल्यात तीन मासे होते. जिवंत. एकाच्याही तोंडाला गळाची जखम नव्हती.

मी घमेलं उचलायलाही थांबले नाही. त्याच दुपारी ॲम्ब्युलन्स बोलावून काकांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात भरती केलं. तिथे जवळपास पाणी नाही. जेवणाला वरण, भात आणि दूध. हात जरा स्थिर झाले, बटण लावता येऊ लागलं. मला बरं वाटलं.

परवा वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. "ताई, तुमच्या काकांना भेटायला कुणीसुद्धा येत नाही. वॉर्डाला रात्रभर कुलूप असतं. मग सकाळी त्यांच्या उशाशी माशाचे काटे येतात कुठून...?"