आंबिलीची रेघ

येळवशीला, म्हणजे रान पुजायच्या वेळ अमावास्येला, आपलं रान सोडून कुणी डोंगरात जात नाही, हे लोह्यात शेंबडं पोरही सांगेल. पुनमने मात्र रान आणि रानातलं घर भावाच्या, सोमेशच्या, हवाली केलं आणि आंबिलीची घागर गाडीत ठेवली.

गाडी तिच्या नवऱ्याची, आदिनाथची. जुन्या टेम्पोत त्याने स्वतःच्या हाताने पलंग, शेगडी, पडदे बसवले होते. "एक येळवस माहूरच्या डोंगरात करू," म्हणायचा. रंग वाळला त्याच आठवड्यात छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. आता वर्षाने त्याचा दोस्त वैजनाथ आणि वैजनाथची बायको सृष्टी तिला घेऊन निघाले होते, तेवढाच तिच्या जिवाला विरंगुळा. पुनमला विरंगुळा नको होता. तिला तो हवा होता.

हदगाव मागे पडलं, सागाचं रान लागलं. दुपारी एका पठारावर तिघं उंडे-भज्जी जेवली. मग आंबील शिंपायची वेळ झाली.

"रान न्हाई तर गाडीलाच वेढा घाला, वहिनी," वैजनाथ हसला.

ती गाडीभोवती आंबील शिंपत निघाली. "ओलगे ओलगे!"

"सालम पोलगे!" मागून दोघं ओरडली.

आणि उतारावरून तिसरा आवाज आला. जरा उशिरा, शेवटचा 'गे' लांबवत. आदिनाथ नेहमीच मागे राहायचा, कारण त्याच्या तोंडात उंडा असायचा.

"गुराखी असंल," वैजनाथ म्हणाला. पण गुरांची घंटा कुठेच वाजत नव्हती.

पुनमने पुन्हा हाळी दिली. आवाज जवळ आला. सागाचा पाचोळा वाजू लागला. पाय दिसत नव्हते.

आंबिलीच्या पांढऱ्या रेघेपाशी पाचोळा थांबला.

"वहिनी, बस करा," सृष्टी पुटपुटली.

सासूबाई म्हणायच्या, शिंपलं की आतलं आत, बाहेरचं बाहेर. वर्षभर ज्याच्यासाठी रडले, त्यालाच आज आपल्या हाताने बाहेर ठेवलं! पुनमचा जीव कळवळला.

तिने पाण्याचा कॅन उचलला आणि दारासमोरची हातभर रेघ धुऊन काढली. आंबिलीचा पेला भरून आत पलंगापाशी ठेवला.

"या," ती म्हणाली.

काहीच झालं नाही. सगळे परतायला गाडीत बसले.

घाट उतरताना वैजनाथ म्हणाला, "गाडी मागून लई दबून राहिली."

पुनमने मागचा पडदा सारला. पेला रिकामा होता, आणि उपडा. माशा बसतात म्हणून आदिनाथ पिऊन झालं की पेला असाच ठेवायचा.

तेवढ्यात सोमेशचा फोन आला. "ताई, बिनघोर राहा. रानाला आंबील शिंपली. घरालाबी सगळीकडून वेढा घातलाय."

"बरं केलंस," ती म्हणाली.

हदगावात चहाला थांबले, तेव्हा पुनम चहा प्यायली नाही. तिने नळाखाली कॅन लावला आणि काठोकाठ भरून घेतला.